काकूंच्या लिंबावर ठेवलेला ठपका

सुमनकाकूंच्या अंगणातलं लिंबाचं झाड माझ्या सांगण्यावरून तोडलं गेलं. आपल्या मंडळातल्या घराघरांत लिंबांवर जो रोग पसरला तो त्या झाडातून आला, असं मी भर सभेत सुचवलं होतं. ते खरं नव्हतं, आणि बोलताना मला ते ठाऊक होतं. नंतर बरेच दिवस मी मनाशी ‘निदान चुकलं’ असं म्हणत राहिलो. निदान चुकलेलं नव्हतं. निदान मी अगदी बरोबर केलं होतं आणि लपवून ठेवलं होतं.

दिवाळी अंकासाठी धंद्यातले अनुभव लिहा, असं मंडळाने सांगितलं तेव्हा दुसरंच काहीबाही लिहून देण्याचा मोह झाला. पण या एका गोष्टीला वळसा घालून लिहिलेलं बाकीचं सगळं खोटं ठरलं असतं.

माझी रायपूरच्या वेशीवर छोटी रोपवाटिका आहे. आजोबा वर्ध्याकडून रेल्वेच्या नोकरीत इकडे आले, वडील सरकारी कचेरीत होते, आणि मी शेतकीची पदवी घेऊन मातीत पडलो. रोपं विकणं हा धंद्याचा अर्धा भाग. उरलेला अर्धा म्हणजे लोकांच्या घरी जाऊन आजारी झाडं पाहणं. रायपुरात लोक मला ‘पेड़ वाले डॉक्टर’ म्हणतात. मी कधी नको म्हटलं नाही.

झाडाचे आजार ओळखणं बाहेरच्या माणसाला वाटतं तितकं गूढ नाही. बुरशीचा डाग बहुधा कोरडा असतो, कधी त्यात वर्तुळं दिसतात, कधी वर भुकटी. जिवाणूचा डाग सुरुवातीला ओला असतो. पान उन्हासमोर धरलं की कागदावर तेलाचा थेंब पडल्यासारखा तो आरपार उजळतो. डाळिंबाच्या अशा रोगाला म्हणूनच आपण तेल्या म्हणतो. लिंबावर येतो तो खैऱ्या. त्यात पानाच्या दोन्ही बाजूंना खरखरीत, तपकिरी फोड येतात आणि भोवती पिवळं वलय असतं. डोळे मिटून पानावरून बोट फिरवलं तरी कळतं, मांजराच्या जिभेसारखं लागतं. फळाच्या सालीवर खपल्या धरतात. आतला रस मात्र चांगला असतो, खाणाऱ्याला काही होत नाही. पावसाच्या उडणाऱ्या थेंबांतून, वाऱ्यातून, छाटणीच्या कात्रीतून तो एका झाडावरून दुसऱ्यावर जातो. आणि सगळ्यात लांबचा प्रवास तो रोपांबरोबर करतो.

एकदा सदर बाजारातल्या एका सराफाने मला दुकानाच्या गच्चीवर नेलं. पिंपांत लावलेली डाळिंबं होती, फळांना काळे डाग आणि तडे. कोणाची तरी नजर लागली, अशी शेठजींची खात्री. मी पान उन्हासमोर धरलं, तर त्यांनी ते माझ्या हातून घेतलं, खिशातलं हिरे पाहायचं भिंग डोळ्याला लावलं आणि पाहत राहिले.

“किनारे पर तेल जैसा है भैया. और नस के पास जाके रुक गया है.”

“बस, वही है. तेल्या.”

“मतलब माल में खोट है,” ते म्हणाले, “नजर-वजर कुछ नहीं.” आणि त्यांनी पिंपांना नजरेसाठी बांधलेली मिरची-लिंबू स्वतः सोडली. दुकानाच्या दाराची मात्र तशीच ठेवली.

भनपुरीच्या एका ट्रान्सपोर्टवाल्याने तर पेरूच्या झाडाची पानं काळी पडली म्हणून डॉक्टरांनी त्याला दिलेल्या कॅप्सूल फोडून मुळाशी घातल्या होत्या. “पूरा कोर्स किया है,” असं मला अभिमानाने सांगितलं. मी रुमाल ओला करून पान पुसलं. पान हिरवंगार निघालं, रुमाल काळा. कारखान्यांच्या चिमण्यांची काजळी होती ती. मी म्हटलं, “भाईसाहब, बीमार पेड़ नहीं है, आपका मोहल्ला है.” तो गडगडाटी हसला आणि पुढे वर्षभर ज्याला त्याला हे सांगत सुटला.

असल्या गोष्टींनी नाव होतं. मी एखाद्या झाडाबद्दल बोललो की लोक दुसऱ्या कोणाला विचारत नसत. याची मला मनातून फार ऐट होती.

आता त्या संक्रांतीचं सांगतो.

आमच्या मंडळाचं हळदीकुंकू मोठं असतं. शंकर नगरपासून सगळीकडच्या मराठी बायका येतात. वाण म्हणून वर्षानुवर्षं स्टीलच्या वाट्या, प्लास्टिकचे डबे झाले, आणि मग कोणाला तरी सुचलं की यंदा झाडं वाटायची. माझी बायको वर्षा तेव्हा समितीत नवीन होती. ती घरी आली तीच उड्या मारत.

“कागदी लिंबाचे रोपं द्यायचं ठरलं. मी सांगून टाकलं सगळ्याईले, आमच्याच घरून येतील.”

“माझे तयार नाहीत अजून. बोटभर आहेत.”

“मंग दुसरीकडून आण ना. मी आता नाही म्हणू का त्यायले? काय म्हणतील बाया?”

मी बाहेरच्या एका व्यापाऱ्याकडून रोपं मागवली. गाडी आली ती हळदीकुंकवाच्या अगदी तोंडावर. रोपं उतरवता उतरवता आमच्याकडे काम करणारी दुलारी थांबली आणि पानांवर बोट ठेवून म्हणाली, “भैया, पत्ता मन मा दाग हे.”

मी पाहिलं. बोट फिरवलं. लागायचं ते बोटाला लागलं.

सगळ्या रोपांवर नव्हते डाग. काहींवर होते, आणि थंडीत हा रोग निजलेला असतो, त्यामुळे फार ठसठशीतही नव्हते. मी दुलारीला सांगितलं, “प्रवासात झालं असेल. डागाची पानं तोडून टाक.” ती “हव” म्हणाली आणि कामाला लागली. हे आमच्या धंद्यात चालतं. डागी पान खुडायचं, तांबं असलेल्या औषधाची एक फवारणी मारायची, गाडी रवाना करायची. गिऱ्हाइकाच्या दारात रोप स्वच्छ दिसतं. मी याआधी असं केलं नव्हतं, असंही म्हणवत नाही. पण विकलेलं रोप वाईट निघालं तर गिऱ्हाईक ते आणून माझ्या टेबलावर आदळतं. वाणाचं तसं नसतं. कुंकवाचं बोट लावून ओटीत पडलेली वस्तू कोणी पारखून घेत नाही, नाकारत नाही, फेकून तर मुळीच देत नाही. कुंडी नसली तरी कोणाच्या तरी अंगणात जागा मागून बायका ते रोप लावतात. माझी रोपं त्या दिवशी अशी घराघरांत गेली. जिथे आधीपासून लिंबाचं झाड होतं, तिथे बहुतेकींनी ते त्याच्या शेजारीच लावलं.

पाऊस लागला आणि फोन सुरू झाले. आधी एक-दोन, मग रोज. नव्या रोपावर फोड, शेजारच्या जुन्या झाडाच्या कोवळ्या फुटीवर फोड, लिंबांवर खपल्या. मी जाई, औषध सांगे आणि म्हणे, “यंदा हवाच तशी आहे.”

सुमनकाकूंकडेही गेलो. काकूंचे यजमान रेल्वेत होते. निवृत्तीनंतर शंकर नगरात घर बांधलं, तेव्हा काकूंनी हे झाड लावलं होतं. यजमान गेले, मुलगा-सून नोकरीत, नात कॉलेजात, आणि काकू दिवसभर झाडापाशी. अख्ख्या मंडळाला त्यांची लिंबं जात. गणपतीच्या महाप्रसादाला लोणचं त्यांच्याच घरचं. कोणाला बाळंतपणानंतर, कोणाला तापानंतर, पहिलं सरबत काकूंच्या लिंबाचं.

“पाय बरं दिलीप,” काकू म्हणाल्या, “काय होऊन राहिलं याले. म्हातारीसारखं खरूज आली अंगावर.”

मी झाडाखाली गेलो. इथे थोडं सविस्तर सांगायला हवं, कारण सगळं यावरच आहे. खैऱ्या लाकडावरही येतो. झाडाला जुना रोग असेल तर मागच्या, त्याच्याही मागच्या वर्षांच्या फांद्यांवर त्याचे खडबडीत व्रण राहतात. साल पाहून रोगाचं वय सांगता येतं. काकूंच्या झाडाच्या जुन्या फांद्या मी खालपासून वरपर्यंत चाचपल्या. साल एखाद्या निरोगी माणसाच्या पाठीसारखी नितळ होती. फोड होते ते फक्त याच पावसातल्या कोवळ्या फुटीवर, आणि तेही एकाच अंगाला. त्या अंगाला नळाशेजारी वाणाचं रोप लावलेलं होतं, पानापानावर फोड घेऊन.

म्हणजे मला उत्तर मिळालं होतं. उपायही अवघड नव्हता. तेवढ्या फांद्या छाटायच्या, जाळायच्या, कात्री दर वेळी निर्जंतुक करायची, तांब्याचं औषध पावसाळाभर फवारायचं. झाड सहज जगलं असतं. मी काकूंना म्हटलं, “पाहतो, सांगतो,” आणि चहा पिऊन निघालो.

पुढच्याच आठवड्यात, गणपतीच्या आधी, मंडळाच्या सभागृहात बायकांची बैठक होती. मला बोलावलं होतं. पिशव्यांमध्ये पानं, लिंबं घेऊन आल्या होत्या सगळ्या. अध्यक्ष नीलिमाताईंनी विचारलं, “दिलीपभाऊ, औषध तर तुम्ही सांगतलं. पण हे आलं कुठून? सगळ्याईच्या घरी एकदमच कसं काय?”

वर्षा पहिल्या रांगेत बसली होती. माझ्याकडे पाहत होती. तिला काही माहीत नव्हतं, पण तिच्या चेहऱ्यावर धास्ती होती. रोपं आमच्या घरून आली होती, आणि कोणीतरी ते म्हणेल याची ती वाट पाहत होती.

तेवढ्यात मागून एक बाई म्हणाल्या, “लिंबं त काकूंच्या घरचे जातात सगळीकडे.”

काकू बैठकीत होत्या. डाव्या बाजूला, खिडकीशी. मी ‘नाही’ एवढंच म्हणायचं होतं.

मी म्हणालो, “फळाच्या सालीवरूनही जाऊ शकतो हा रोग. आणि जुन्या झाडात तो वर्षानुवर्षं असू शकतो.”

दोन्ही वाक्यं पुस्तकात सापडतील. त्यांच्यातला शब्दही खोटा नाही. मी ती त्या वेळी, त्या सभेत, काकूंच्या समोर उच्चारली, एवढंच.

काकू उठून उभ्या राहिल्या. “म्हणजे माह्या झाडापायी झालं हे?”

मी म्हटलं, “तसं नक्की सांगता येत नाही, काकू.” याहून वाईट उत्तर नसतं. नक्की सांगता येत नाही म्हणणाऱ्या डॉक्टरच्या मनात काय असतं, ते लोकांना बरोबर कळतं.

त्या वर्षी महाप्रसादात लोणचं दुसरीकडून आलं. काकूंनी ज्यांच्या घरी लिंबं पाठवली, त्यांच्यापैकी काहींनी दारातूनच “आमच्याकडे आहेत” म्हणून परत केली. कोणी भांडलं नाही. भांडलं असतं तर बरं झालं असतं.

मग काकूंनी मला बोलावून विचारलं, “पाडावं लागन का रे?”

मी ‘हो’ म्हणालो.

का म्हणालो हे मी स्वतःला अनेकदा विचारलं आहे. झाड उभं राहिलं असतं तर कधी तरी दुसरा जाणकार आला असता, त्याने त्या नितळ फांद्यांवरून हात फिरवला असता. हेच कारण होतं. तेव्हा मी ते स्वतःजवळही कबूल केलं नव्हतं.

झाड तोडायला माझीच माणसं गेली. मी उभा होतो. काकू ओट्यावर बसून होत्या, आणि त्यांची नात घरातून बाहेर आलीच नाही. मोठा बुंधा आडवा झाल्यावर मी म्हटलं, “काकू, ते लहानही काढून नेतो.”

“नको,” त्या म्हणाल्या. “वाणाचं आहे ते. मोठं गेलं त गेलं, वाणाचं राहू दे. पुढं येईन.”

मी त्यांना सांगितलं की रोपावर वाटिकेत उपचार करतो. घरी नेऊन जाळलं.

आणि मग एक दिवस काकू रिक्षाने माझ्या वाटिकेत आल्या. बरोबर पेढ्यांचा पुडा होता. दुलारीने स्टूल दिलं. काकू बसल्या, पदराने घाम पुसला आणि म्हणाल्या, “बाकी सगळ्याईच्या घरी जाऊन आली मी. तुह्याकडंच राहिलं होतं.”

“काय काकू?”

“माफी मागाची होती. तुहे एवढे चांगले रोपं, पोट्ट्या. माह्या झाडापायी खराब झाले. तुह्या नावाले बट्टा लागला. मले काय मालूम बाप्पा, मी त लिंबं वाटत राहिली.”

या बाईने घरोघर जाऊन, माझ्या पापाची माफी मागितली होती. मी त्यांना पाणी दिलं. “असू द्या काकू, होतं असं,” म्हणालो. पेढा खाल्ला. ‘असू द्या’ म्हणून मी त्यांना क्षमा केली होती!

त्यानंतर मला काम जमेना. कोणाच्या घरी पान हातात घेतलं की बोलताना अडखळत असे. लोकांना वाटे तब्येत बरी नाही. काकूंनी मंडळात येणं सोडलं. एकदा रस्त्यात त्यांची नात भेटली, म्हणाली, “अंकल, आजी अब निकलती ही नहीं. बोलती है, मेरे हाथ का अब कोई क्या लेगा.”

मी आधी वर्षाला सांगितलं, स्वयंपाकघरात, ती पोळ्या लाटत असताना. तिने लाटणं खाली ठेवलं नाही. पोळी लाटत राहिली, पातळ, आणखी पातळ, फाटेपर्यंत.

“मले काहून नाही सांगतलं तेव्हा?”

“तू सगळ्यांना कबूल करून बसली होती.”

“माह्यावर नको ढकलू,” ती म्हणाली. “एका म्हातारीवर ढकललं तेवढं पुरे झालं.” आणि मग जरा वेळाने, “रोपं नसते भेटले त मी वाट्या दिल्या असत्या रे. वाट्या!”

दुसऱ्या दिवशी काकूंकडे गेलो. जिथे झाड होतं तिथे फरशी बसवलेली होती. मी सगळं सांगितलं: दुलारीने दाखवलेले डाग, खुडलेली पानं, नितळ फांद्या, जाळलेलं रोप. काकू ऐकत होत्या. मधे एकदाच त्यांनी विचारलं, “वाचलं असतं?”

“हो.”

“छाटून?”

“हो काकू.”

त्या फरशीकडे पाहत राहिल्या. रडल्या असत्या, ओरडल्या असत्या तर मला सोसलं असतं. नातीने आतून विचारलं, “आजी, चाय रखूँ क्या अंकल के लिए?” काकू म्हणाल्या, “नको.”

मी पायांवर डोकं ठेवायला वाकलो, तर त्यांनी पाय मागे घेतले.

“मले काहून सांगून राहिला इथं बसून? मले एकटीले सांगून काय होते? मी कोणाकोणाच्या दारात जाऊन आली, मालूम आहे ना तुले? त्यायनं मले माफ केलं, डोक्यावरून हात फिरवून. माह्याहून लहान लहान पोट्ट्याईनं.” त्यांचा आवाज तिथे चिरकला. “जिथं बोलला होता तिथं बोल. नाही त येऊ नको पुन्हा.”

संक्रांत जवळच होती. हळदीकुंकवात पुरुष जात नाही. वर्षाने नीलिमाताईंना एवढंच सांगितलं की दिलीपला झाडांबद्दल दोन शब्द बोलायचे आहेत. वर्षा स्वतः काकूंना आणायला गेली. त्या येणार नाहीत असं मला वाटलं होतं. नातीचा हात धरून आल्या, आणि मागे, दाराजवळच्या खुर्चीत बसल्या.

माइक हातात घेतल्यावर मी धंद्याच्या भाषेत शिरलो. खैऱ्या कसा ओळखावा, पान उन्हात कसं धरावं, लाकडावरचे व्रण कसे पाहावेत. बायका कौतुकाने ऐकत होत्या. एक-दोघी मोबाइलवर टिपून घेत होत्या. मला कळत होतं की मी पुन्हा तेच करतो आहे, खऱ्या वाक्यांच्या आड उभा राहतो आहे. समोरची एक तरुण सून म्हणाली, “भैया, सीधा बताइए ना, करना क्या है?”

मी माइक खाली ठेवला. सभागृह लहान आहे, आवाज पोचतो. खुर्च्यांच्या मधल्या वाटेने मी मागे गेलो आणि काकूंसमोर उभा राहिलो. सगळ्या वळून पाहत होत्या. मी म्हणालो:

“काकू, रोग तुमच्या झाडातून आला नव्हता. रोग मी दिलेल्या वाणाच्या रोपांतून आला, इथल्या सगळ्यांच्या घरी. रोपं उतरवली तेव्हाच मी तो ओळखला होता, पानं खुडून लपवला. तुमचं झाड मुळात चांगलं आहे हेही मला दिसलं होतं, तरी याच सभागृहात उभं राहून मी ते तुमच्यावर ढकललं आणि मग झाड पाडायला लावलं. तुम्ही कोणाचीच माफी मागायला नको होती. माफी मला मागायची आहे, तुमची आणि या सगळ्यांची. मला माफ करा.”